तिसरी उकळी

फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर अर्धं वर केलं होतं. गावाकडून ज्योतीचा फोन, म्हणजे माझ्या मावसभावाच्या, संदीपच्या, बायकोचा, आणि तोही सकाळी सकाळी... मी ओळखलंच. "ताई, आई गेल्या," एवढं म्हणून ती रडायला लागली. मी शटर तसंच सोडून पायरीवर बसले. समोरचा चहावाला काय झालं म्हणून विचारत होता, आणि माझ्या तोंडून निघालं, "माझं माहेर गेलं." मावशी गेली असं म्हणायला हवं होतं, पण जे निघालं तेच खरं होतं. माझी आई मी शाळेत असतानाच वारली आणि तेव्हापासून कौसामावशीचं घर हेच माझं माहेर. आता तिला जाऊन काही आठवडे झालेत. दुकान सुरू आहे, बांगड्या विकल्या जाताहेत, आणि मला तिच्याबद्दल लिहायचं आहे. तिला हे मुळीच पटलं नसतं. भाजी विकली, गाय पाळली, त्यात लिहायचं काय, असं म्हणून तिनं मला कामाला लावलं असतं.

तिचं नाव कौसल्या, पण ते फक्त रेशनकार्डावर. सगळ्या गावाची ती कौसाबाई. तामसीच्या थोडं पुढे तिचं गाव, घरामागे विहीर आणि विहिरीभोवती भाजीचा मळा. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, असं जे निघेल ते घेऊन ती पहिल्या बसनं आदिलाबादच्या रैतू बजारात, शेतकऱ्यांच्या बाजारात, यायची. गिऱ्हाइकाशी तेलुगूत, व्यापाऱ्याशी हिंदीत आणि भांडण मात्र मराठीत, असा तिचा शिरस्ता. भांडणात ती कधी हरल्याचं मला आठवत नाही, कारण हरली तरी ते ती मान्य करत नसे. 'चुकलं' हा शब्द तिच्याकडे नव्हताच. वरण खारट झालं तर म्हणायची, आज भात अळणी झाला वाटते. बस चुकली तर बसच वेळेआधी आली. मावसाजी बिचारे निमूटपणे आणखी भात वाढून घ्यायचे. या स्वभावाची आम्ही सगळेच थट्टा करायचो, तिच्या माघारी.

त्या घरात दुधाचा एक कायदा होता. पाहुण्याला उकळलेलं दूध, घरच्याला धारोष्ण. पाहुणा कितीही मोठा असो, अगदी मावसाजींचे साडू असोत, त्यांना तापवलेल्या दुधाचा चहाच मिळे. आम्ही घरची मुलं मात्र धार काढायच्या वेळी लोटा घेऊन गोठ्यात उभी. मावशी चांदी गाईच्या कासेतून धार सोडायची, लोटा भरून फेस वर यायचा, आणि तो फेस बसायच्या आत दूध पिऊन टाकायचं. वरच्या ओठाला पांढरी मिशी यायची. शेवटचा घोट जाईपर्यंत ती कमरेवर हात ठेवून समोर उभी राहायची. "उकळलं की दुधातला जीव जाते," ती म्हणायची. आई गेल्यावर मी त्या घरी राहायला गेले. कुणाशी बोलत नव्हते, जेवत नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीनं मला हाताला धरून गोठ्यात नेलं आणि लोटा हातात दिला. आपण इथे पाहुणी नाही हे मला तेव्हा कळलं. ते तिनं कुठल्याही शब्दात सांगितलं असतं तरी कळलं नसतं.

लग्न करून मी आदिलाबादला आले. पहिल्या बाळंतपणाला माहेरी जायची रीत, म्हणून पोट दिसायला लागल्यावर मावशी स्वतः न्यायला आली. माझ्या सासूबाईंना तिनं सांगितलं की पोरीला शहरात पिशवीतलं दूध पाजून पाजून तुम्ही वाळवून टाकलंय. सासूबाईंना ते लागलं, पण विहिणीशी भांडून निभाव लागणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. मग पुन्हा सकाळ-संध्याकाळ गोठा आणि तोच लोटा. फरक एवढाच, की आता मावशी म्हणायची, दोघींचं आहे, दोन लोटे पी. पोटात मुलगीच आहे असं तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं. मी दोन लोटे प्यायचे. त्या दिवसांइतके माझे लाड आधी झाले नाहीत आणि नंतरही नाहीत.

आठव्या महिन्यात मला ताप आला. अंग मोडून आलं, पाठ दुखली, थोडं पोटही बिघडलं. ऋतू बदलताना येतो तसा ताप. गोळी घेतली, उतरला, आम्ही विसरलो. मग थोड्याच दिवसांनी पोटातलं हलणं कमी वाटायला लागलं आणि दिवस भरायच्या कितीतरी आधी कळा सुरू झाल्या. पाणी गेलं ते हिरवट होतं. मावशीनं गावातली कितीतरी बाळंतपणं पाहिलेली, तिचा चेहरा तेव्हाच उतरला. आदिलाबादच्या दवाखान्यात पोहोचल्यावर लगेच मुलगी झाली. रडली, पण मांजराच्या पिल्लासारखी. श्वास भराभर चालला होता, आणि अंगावर बारीक लालसर पुरळ. तिला मी नीट पाहायच्या आतच नेलं आणि काचेच्या पेटीत ठेवलं. तिच्या पायाच्या पट्टीवर माझं नाव होतं, रेखाचं बाळ. तिचं स्वतःचं नाव कधी ठेवलंच गेलं नाही.

मुलांच्या डॉक्टरबाई तेलुगू होत्या. आमच्याशी हिंदीत बोलायच्या, मधूनमधून मराठी घालायच्या. त्यांनी बाळाचं रक्त तपासायला पाठवलं होतं. रिपोर्ट आला तेव्हा त्या स्वतः बाहेर आल्या आणि आम्हाला बाजूला घेऊन बसल्या. लिस्टेरिया नावाचा जंतू आहे, म्हणाल्या. मातीत असतो, जनावरांच्या पोटात असतो. धडधाकट माणसाला तो फारसं काही करत नाही, पण गरोदर बाईला लवकर पकडतो. तिला नुसता ताप येतो आणि पोटातल्या बाळावर मात्र सगळा मार बसतो. असं फार क्वचित दिसतं. औषध त्यांनी आधीच सुरू केलं होतं, आता रिपोर्टप्रमाणे बदललं होतं. एवढं सांगून त्यांनी मला विचारलं, की गरोदरपणात कच्चं दूध प्यायला होतात का.

मी तोंड उघडायच्या आत मावशी बोलली. पोरीची नीट काळजी घेतली की नाही याची ही चौकशी आहे, असं तिला वाटलं. ती ताठ बसली आणि अभिमानानं म्हणाली, "रोज देलं, दोन्ही टाइम. माह्या हातानं काढून. उकळलेलं एक दिवस नाई देलं पोरीले."

डॉक्टरबाईंनी हातातला रिपोर्ट खाली ठेवला. मग हळूच विचारलं, की गोठ्यात एवढ्यात कुठलं जनावर गाभडलं होतं का, म्हणजे दिवस भरायच्या आधीच वासरू पडलं होतं का. आता मावशीचा आवाज खाली आला. मोरी, म्हणजे गोठ्यातली दुसरी गाय, गाभडली होती... संक्रांतीच्या मागेपुढे. म्हणता म्हणता तिनं माझ्याकडे पाहिलं. कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं, तरी तिला समजलं होतं. डॉक्टरबाईंनी घाईघाईनं सांगितलं, की दुधातूनच आलं असं म्हणता येत नाही. हा जंतू फ्रिजच्या गारव्यातही वाढतो, अंगात शिरल्यावर कित्येक आठवडे दबून राहतो, त्यामुळे माहेरी जायच्या आधी सासरी खाल्लेल्या एखाद्या शिळ्या गोष्टीतूनही आला असेल. आता त्याचा छडा लागणं कठीण. मावशी ऐकत होती की नाही कोण जाणे. ती तिच्या हाताच्या तळव्यांकडे पाहत होती.

मुलगी थोडेच दिवस राहिली. जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत गेला होता. डॉक्टरांनी आणि नर्सबाईंनी जे करता येईल ते केलं, त्यांच्याबद्दल माझ्या मनात तेव्हाही राग नव्हता आणि आजही नाही. राग होता तो कुठे ठेवावा हे कळत नव्हतं. सासूबाईंना ते कळलं होतं. माझ्या नवऱ्यानं, दिलीपनं, त्यांना पुष्कळ आवरलं, तरी दवाखान्याच्या पायऱ्यांवर त्या मावशीला म्हणाल्याच, की तुमच्या दुधानं आमचं लेकरू नेलं. मावशी उसळली. "याच दुधावर रेखा मोठी झाली. संदीप झाला. तवा नाई काई झालं कोनाले." आणि ती एकटीच बसस्टँडकडे चालू लागली. मी तिला हाक मारली नाही. माझ्यात तेवढं त्राणही नव्हतं, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती.

नंतर बरेच महिने ती आमच्या घरी आली नाही. रैतू बजार आमच्या दुकानापासून जवळ. ती येऊन बसते, भाजी विकते, दुपारच्या बसनं परत जाते, हे मला कळायचं. मीही तिकडून भाजी आणणं सोडलं होतं. दिलीप आणायचा, आणि त्याच्या पिशवीत न मागितलेली मेथीची जुडी असायची. कुणी दिली ते तो सांगायचा नाही, मी विचारायची नाही. संदीपकडून एक गोष्ट कानावर आली होती, की घरात आता धारोष्ण बंद आहे. का म्हणून विचारलं तर मावशी म्हणते, चांदीच्या दुधाला आता पहिली चव राहिली नाही. मला हसू आलं आणि मग कितीतरी वेळ रडू आवरेना. भात अळणी झाला, तसंच हे.

मला पुन्हा दिवस गेले. त्या वेळी सासूबाईंनी आधीच सांगून टाकलं, की या खेपेला माहेर नाही. बातमी बाजारातून मावशीपर्यंत गेलीच. एके दिवशी दुपारी दारात ती उभी. डोक्यावर रिकामी टोपली, हातात झाकणाची चरवी. सासूबाईंना रामराम करून ती सरळ स्वयंपाकघरात गेली. घरून उकळूनच आणलंय, म्हणाली, तरी गंज म्हणजे पातेलं मागितलं, गॅस पेटवला आणि दूध ठेवलं. मग मला हाक मारली. "रेखे, ये. पाह्य." मी जाऊन उभी राहिले. दूध वर आलं, तिनं गॅस बारीक केला, ते खाली बसलं. पुन्हा मोठा केला. दुसऱ्यांदा वर आलं, बसलं. तिसऱ्यांदा आलं तेव्हा तिनं सांडशीनं गंज उतरवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "पाह्यलं?" मी म्हणाले, पाह्यलं. तिनं पेला भरून ओट्यावर ठेवला आणि मी तो उचलायच्या आत टोपली घेऊन निघून गेली. शेवटच्या घोटापर्यंत समोर उभी राहणारी बाई पाठ फिरवून गेली. मी ते दूध प्यायले नाही. संध्याकाळच्या चहाला वापरलं.

मग ती दर बाजाराच्या दिवशी येऊ लागली. प्रत्येक वेळी गंज, तीन उकळ्या, ये, पाह्य. पी म्हणून तिनं एकदाही म्हटलं नाही. हळूहळू मी प्यायला लागले. सासूबाईही आधी दारातून, मग ओट्याजवळ येऊन पाहू लागल्या आणि पुढे दोघींच्या गप्पाही सुरू झाल्या. मावसाजी दुकानात आले की हसून सांगायचे, आमच्या घरी दूध तीनदा मरते, मंग चहात येते. एकदा मी मावशीला म्हटलं, की डॉक्टरबाईंनी फ्रिजचंही सांगितलं होतं. माझ्या फ्रिजात तेव्हा काय काय शिळं पडलेलं असायचं... तिथून आलं असेल, तू कशाला मनाला लावून घेतेस. मला वाटलं, तिला बरं वाटेल. ती मेथी निवडत होती. "तुहा फ्रिज तू पाह्य," ती म्हणाली. "माही गाय मी पाहीन."

सातव्या महिन्यात माझे पाय सुजले होते. दुपारची मी पलंगावर आडवी होते आणि आतून हाक आली, ये, पाह्य. मला उठवेना. उठायची गरजही वाटत नव्हती. मनात काहीही अढी उरलेली नाही हे माझं मलाच त्या क्षणी जाणवलं, आणि ते तिलाही कळावं म्हणून मी पडल्या पडल्या म्हणाले, "मावशी, तू उकळलं ना? मंग मी काय पाहू?"

आत गॅस बारीक झाला. मला वाटलं, ती रडत असेल. मग ती सांडशी हातात घेऊनच दारात आली. डोळे कोरडे होते. "मांगच्या खेपेले तू इस्वासच ठेवला व्हता ना माह्यावर?" ती म्हणाली. "उठ. पाह्यलंच पाह्यजे."

मी उठले. भिंतीला धरून गेले आणि पाहिलं. त्या वाक्यावर मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. आपण माणसांना माफ करतो, म्हणजे बहुतेक वेळा पुन्हा डोळे मिटून त्यांच्या हातचं घेतो. तिला तशी माफी नको होती. तिच्या प्रेमात काही खोट नव्हती, मागच्या वेळीही नव्हती. पण नुसत्या प्रेमानं भागत नाही हे ती शिकली होती, आणि तिच्या मते ते मीही शिकायला हवं होतं. चुकलं असं ती तेव्हाही म्हणाली नाही. उकळलं की दुधातला जीव जातो, या तिच्या जुन्या बोलण्याची मी एकदा आठवण करून दिली, तर शांतपणे म्हणाली, त्याच्यासाठीच तर उकळाचं.

बाळंतपण आदिलाबादलाच झालं. मावशीनं माहेरचा हक्क सांगितला नाही, दवाखाना जवळ आहे तेच बरं, म्हणाली. मला माहीत आहे, हे म्हणताना तिला काय सोसावं लागलं असेल. मुक्ता दिवस भरून झाली. खणखणीत रडली. सव्वा महिना झाल्यावर सासूबाईच मला म्हणाल्या, जा आता, चार दिवस माहेरी राहून ये. गावी बसमधून उतरले तर मावशी दारात भाकरतुकडा आणि पाणी घेऊन उभी. आम्हा मायलेकींवरून ओवाळून तिनं तुकडा लांब टाकला, मुक्ताला छातीशी घेतलं, आणि तेव्हा मात्र ती रडली. मुक्ताच्या अंगावरचं दुपटं ओलं होईस्तोवर रडली. माझं माहेर मला परत मिळालं ते त्या दाराशी.

त्यानंतर गावात कुणाची लेक बाळंतपणाला आली की मावशी भाजीच्या निमित्तानं तिच्या घरी डोकावून यायची. दूध उकळता का, शिळंपाकं खात नाही ना, ताप तर नाही ना, आणि ताप असला तर गोळीवर भागवू नका, डॉक्टरला दाखवा. लोक हसायचे. काहीजणी रागवायच्याही, आमच्या गाईला नावं ठेवते म्हणून. ती त्यांच्याशी मराठीत भांडायची. पण त्या पहिल्या मुलीची, जिला नाव नव्हतं तिची, गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही. ती आमच्यापुरतीच राहिली. आता मी ती लिहिते आहे... कुणाच्या तरी घरी पोटुशी लेक आली असेल आणि गोठ्यात लोटा भरत असेल, म्हणून.

शेवटची भेट मळ्यातल्या त्या घरातच झाली. तिच्या हृदयाचा जोर कमी झाला होता, दम लागायचा, बाजेवरून उठणं बंद झालं होतं. मी दोन दिवस राहायला गेले होते. सकाळी दूध तापायला ठेवलं आणि सवयीनं हाक मारली, मावशी, पाह्य. बोलून गेल्यावर जीभ चावली. बाज भिंतीला लागून होती, तिथून गॅस दिसत नव्हता. तिनं मान माझ्याकडे वळवली आणि तिच्या त्या दम लागलेल्या आवाजात म्हणाली, "तू उकळलं ना? मंग मी काय पाहू?"

माझेच शब्द होते, तिनं इतकी वर्षं जपून ठेवलेले. त्यात थट्टा होती, थोडी. माझे डोळे भरून आले, पण तिनंच शिकवलेलं होतं. मी म्हणाले, "नाई. पाह्यलंच पाह्यजे." ज्योतीला हाक मारली. आम्ही दोघींनी मावशीसकट बाज उचलून तिरपी केली, तिच्या पाठीशी गोधडी लावली. आता दारातून गॅस दिसत होता. दूध वर आलं, बसलं. मावशी बोटांवर मोजत होती. तिसऱ्या उकळीला तिनं मान हलवली. मी पेला तिच्या तोंडाला लावला आणि या वेळी शेवटचा घोट जाईपर्यंत मी समोर उभी राहिले. तिनं वरचा ओठ पदरानं पुसला आणि म्हणाली, दूध चांगलं हाये.

तेरवी झाल्यावर मी त्या घरी एक दिवस जास्त राहिले. बाज अजून तशीच तिरपी होती. ती जाण्यायेण्याच्या वाटेत येत होती, संदीप दोनदा तिला ठेचकाळला, पण सरळ करायला कुणी धजत नव्हतं. सकाळी ज्योतीनं गंज गॅसवर ठेवला. घरात लहान मूल नाही, आजारी नाही, पोटुशी नाही. एक उकळी आली, ज्योतीनं गॅस बारीक केला. दुसरी आली. तिसरी आली तेव्हा तिनं सांडशीनं गंज धरला, पण उतरवला नाही. आधी मान वळवून बाजेकडे पाहिलं. मग बाजेवर बसलेल्या माझ्याकडे.

"पाह्यलं ना, ताई?"

"पाह्यलं," मी म्हणाले. मग तिनं गंज उतरवला.